मोटारींतील थंडाव्याचें यंत्र : घरीं बदलावें काय?

होळी झाली कीं सातपुड्यांतील ऊन तापूं लागतें. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवची राजवाडी होळी प्रसिद्धच आहे. त्या रात्रीं दूरदूरच्या मोटारी डोंगरांतील वळणें चढून तेथें येतात. अशा चढावर एखाद्या मोटारींतील गार वारा एकाएकीं बंद पडतो, बॉनेटखालून खरखर ऐकूं येते, आणि मालकाच्या मनांत विचार येतो : गॅरेज डोंगराखालीं राहिलें, नवा कॉम्प्रेसर मागवून अंगणांतच बसविला तर? प्रश्न वाजवी आहे. उत्तर मात्र अर्धें होय व अर्धें नाहीं, असें आहे.

माठांतील पाणी पाझरतें, वाळतांना उष्णता घेऊन जातें, म्हणून आंतील पाणी गार राहतें. मोटारींतहि घडतें तें हेंच. फरक एवढाच कीं, माठांतून उडालेलें पाणी परत येत नाहीं, आणि मोटारींत उडालेली वाफ पकडून पुन्हां द्रव करावी लागते. पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए नांवाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो उणें २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डामागील कूलिंग कॉईलमध्यें तो उकळून बैठकीची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्यें ती उष्णता बाहेर टाकून पुन्हां द्रव होते.

१९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें असें यंत्र मोटारींत प्रथम विक्रीस आणलें, तेव्हां त्याच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडावा नको झाला तर इंजिन थांबवून पट्टा हातानें उतरवावा लागे! आतां बहुतेक कॉम्प्रेसरांना विजेच्या चुंबकाचा क्लच असतो, व बटण दाबतांच तो 'टक्' करून बसतो. गार वारा बंद पडल्यास आधीं हा आवाज ऐकावा. तो येत नसेल तर फ्यूज उडाला असेल, रिले बिघडला असेल, किंवा गॅस गळून दाब उतरला असेल. शाबूत कॉम्प्रेसर काढून टाकण्याची घाई पुष्कळांना भोंवते.

खरखर येत असेल तर गोष्ट वेगळी. पुष्कळ गाड्यांत एकच पट्टा कॉम्प्रेसर, डायनॅमो व पाण्याचा पंप फिरवितो. कॉम्प्रेसरचें चाक अडकून पट्टा तुटला तर घाटांतच इंजिन उकळूं लागेल. तेव्हां चाक अडखळत असल्यास गाडी पुढें नेऊं नये. केवळ क्लच बसत नसेल, तर खिडक्या उघडून खुशाल जावें.

काम दिसावयास सोपें आहे. बॅटरीची तार सोडवावी, पट्टा सैल करावा, दोन नळ्या व तीन-चार बोल्ट काढावे. परंतु नळ्यांत गॅस दाबाखालीं कोंडलेला असतो. नट सैल करतांच उडालेला द्रव बोटें गोठवितो. डोळ्यांत गेला तर दृष्टीवरच बेतूं शकतें. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबानें हा गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें १४०० पट उष्णता वातावरणांत अडकवितो. म्हणून नळ्यांना हात लावण्यापूर्वी गॅस यंत्रानें ओढून घेतला पाहिजे, आणि तें यंत्र गॅरेजांतच असतें. गाडी चालत असेल तर तेथें गॅस काढून घ्यावा, घरीं येऊन कॉम्प्रेसर बदलावा, व पुन्हां गॅरेजांत जावें. दोन फेऱ्या पडतात खऱ्या. चाकच अडकलें असेल तर मात्र गाडी ओढून न्यावी व सर्वच काम तेथें करवावें.

घरच्या कामांत दोन गोष्टींची हयगय नको. पहिली तेलाची. या यंत्राचें तेल हवेंतील ओलावा झपाट्यानें शोषतें. म्हणून नळ्यांचीं तोंडें लगेच बांधावीं, आणि तेल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच व मोजून घालावें. दुसरी भुग्याची. जुना कॉम्प्रेसर आंतून झिजून फुटला असेल तर धातूचा कीस नळ्यांत पसरलेला असतो. नळ्या धुतल्या जातात, परंतु हल्लींच्या कंडेन्सरचे मार्ग इतके बारीक असतात कीं ते धुऊन स्वच्छ होत नाहींत. तो बदलावाच लागतो. ड्रायर व रबराच्या ओ-रिंगाहि नव्या घालाव्या. हा खर्च वांचविणाऱ्याचा नवा कॉम्प्रेसर त्याच किसानें लवकरच बिघडतो.

बोल्ट आवळल्यावर कॉम्प्रेसरचा दांडा हातानें दहा-बारा वेळां फिरवावा, म्हणजे सांचलेलें तेल सरकतें. मग गॅरेजांत पंपानें नळ्यांतील हवा व ओलावा काढून घेतात, निर्वात स्थिति टिकते कीं नाहीं हें पाहतात, आणि बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरतात. आर-१३४ए स्वस्तांत मिळत नाहीं म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर त्या माणसाच्या हातीं गाडी देऊं नये. कूलिंग कॉईल गळली तर तो गॅस बंद खिडक्यांच्या आंत, मुलाबाळांत जमतो, आणि त्याला एक ठिणगी पुरते.