पेरिप्लसमधला कोकण किनारा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाणकोट, दाभोळ किंवा जयगडच्या इतिहासाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं : दोन हजार वर्षांपूर्वी एक ग्रीक प्रवासी इथे आला आणि त्याने आपल्या बंदराचं वर्णन लिहून ठेवलं. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा तो ग्रंथ; पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरांची माहिती देणारं सागरी मार्गवर्णन. ग्रंथ अस्सल आहे आणि प्राचीन व्यापाराच्या अभ्यासात त्याला तोड नाही. म्हणूनच त्याच्या नावावर भलतंसलतं खपवलं जातं तेव्हा वाईट वाटतं.

लेखक एरियन होता, असं जुन्या पुस्तकांत सापडतं. तो नव्हता. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणाऱ्या एरियनने काळ्या समुद्राचा असाच एक पेरिप्लस लिहिला होता. दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात हे दोन्ही ग्रंथ एकत्र आले आणि एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं. ते हस्तलिखित आज जर्मनीत हायडेलबर्गला आहे. खऱ्या लेखकाचं नाव कुठेच नाही. त्याची ओळख मजकुरातूनच पटते. झाडांचा डिंक सांगताना तो ‘आमच्याकडे इजिप्तमध्ये’ असं सहज लिहून जातो. महिन्यांची रोमन नावं देतो आणि सोबत इजिप्ती नावंही देतो. म्हणजे हा इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा माणूस. त्याने उल्लेखलेल्या राजांवरून, विशेषतः इसवी सन ४० ते ७० मध्ये राज्य करणाऱ्या नबाती राजा मलिखसवरून, ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्याचा ठरतो.

त्याला प्रवासी म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. तो व्यापारी होता आणि व्यापाऱ्यांसाठीच लिहीत होता. भडोचला काय खपतं? दारू, त्यातही इटलीची पहिली पसंती. तांबं, कथील, शिसं, पोवळं. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं. तिथून काय उचलायचं? हस्तिदंत, गोमेद, सुती कापड, पिंपळी. पैठणचा गोमेद आणि तगरचं, म्हणजे आजच्या तेरचं, कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला पोचतं, हेही त्याला ठाऊक आहे. खंबातच्या आखातातल्या भरतीचा लोंढा तर त्याने असा रंगवलाय की ते पाणी त्याने स्वतः पाहिलं असावं, असंच वाटतं.

मग आपल्या किनाऱ्याचं वर्णन किती आहे? ६६ लहान प्रकरणांपैकी ५३व्या प्रकरणात कल्याणच्या दक्षिणेची स्थानिक बाजारबंदरं म्हणून सात नावं ओळीने येतात, एवढंच. ना मालाची यादी, ना लोकांविषयी एक शब्द. सेमुल्ला म्हणजे चौल, यावर बहुतेकांचं एकमत आहे. पुढे सगळा तर्क. मंदगोरा म्हणजे बाणकोट, पालैपटमाई म्हणजे दाभोळ, मेलिझेइगारा म्हणजे जयगड, असं सुचवलं गेलंय. पण मंदगोरासाठी रायगडातल्या कुडे लेण्यांजवळचं मांदाडही तितक्याच जोराने पुढे येतं आणि मेलिझेइगाराला कुणी मालवणकडेही नेतं. यादीतलं एक नाव तर तोपारोन वाचावं की तोगारोन, इथूनच वाद आहे. मूळ लेखनानंतर सुमारे नऊशे वर्षांनी झालेल्या नकलेत अक्षरं जागची हललेली असणारच. माझ्या मते फलकावर ‘पेरिप्लसमधलं बंदर’ असं कोरण्याआधी खाडीकाठी उत्खनन व्हायला हवं.

याच यादीत ‘बिझान्तिऑन’ आहे. ते वाचून कोकणात ग्रीकांची वसाहत होती, असं काहींनी मानलं. ग्रंथात वसाहतीचा मागमूस नाही. एखाद्या देशी नावाला ग्रीक कानाने ओळखीचा आकार दिला, हेच जास्त संभवतं. विजयदुर्गशी त्याची सांगड घातली जाते, तीही नावातल्या साम्यावरच.

कोकणाविषयी तो इतकं कमी का लिहितो, याची कारणं मला या ग्रंथातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात. पहिलं वाऱ्याचं. इजिप्तची जहाजं जुलैच्या सुमारास निघत. तांबडा समुद्र उतरायला महिनाभर जाई. मग नैऋत्येचा वारा धरून भर समुद्रातून थेट भडोच किंवा केरळातलं मुझिरिस गाठायचं. रोमन लेखक प्लिनी मुझिरिसपर्यंतच्या या टप्प्याला चाळीस दिवस देतो. म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन आपल्या होड्या समुद्रात गेल्यावर, पावसाचा जोर ओसरताना ती पोचत. रत्नागिरीचा किनारा या दोन टोकांच्या मधला. तिथे स्थानिक गलबतांचीच ये-जा. हा नैऋत्येचा वारा हिप्पालोस नावाच्या ग्रीकाने ‘शोधला’, हेही अर्धसत्यच. त्याने ग्रीकांना सरळ वाट दाखवली, असं पेरिप्लस म्हणतो; अरबी आणि भारतीय खलाशी या वाऱ्यावर त्याच्या आधीपासून जात-येत होते.

दुसरं कारण राजकीय. थोरल्या सरगनसच्या, म्हणजे बहुधा सातवाहन घराण्यातल्या एका सातकर्णीच्या, काळात कल्याण हे रीतसर बाजारबंदर होतं. पुढे ते सांदानेस नावाच्या राज्यकर्त्याच्या हाती गेलं आणि व्यापाराची कोंडी झाली. त्यानंतर एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाई.