टाच, माकडहाड आणि कानामागची जागा

रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत आपण कितीतरी वेळा कूस बदलतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. एका जागी फार वेळ भार पडला की तिथून मेंदूकडे निरोप जातो आणि झोपेतल्या झोपेत शरीर बाजू बदलतं. जन्मभर हे बिनबोभाट चालू असतं. पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने माणूस खाटेला खिळला की ते थांबतं. मग ते काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातांना करावं लागतं.

कातडीखालच्या केशवाहिन्यांतला रक्ताचा दाब असतो अगदी थोडा, साधारण ३० मिलिमीटर पारा. माकडहाड आणि गादी यांच्या कात्रीत सापडलेल्या मांसावर त्याहून कितीतरी जास्त भार येतो. रक्त पोहोचत नाही आणि काही तासांतच पेशी मरू लागतात. थक्क करणारी गोष्ट म्हणजे, ही पडझड पुष्कळदा आतून सुरू होते. दाबाखाली कातडीपेक्षा स्नायू आधी हार मानतो, त्यामुळे हाडालगतचं मांस आधी जातं. वर रुपयाएवढा जांभळट डाग दिसतो तेव्हा आत वाटीएवढी जागा सडलेली असू शकते.

यावर उपाय काय, हे नीट दाखवून दिलं ते डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांची पाहणी केली. पाठीला काय चोळावं यावर तोवर सगळी भिस्त होती; आपल्याकडे स्पिरिट आणि पावडर अजून चालतेच. नॉर्टनला दिसलं की खरा फरक पडतो तो नेमाने कूस बदलण्याने. तिने एक तक्ताही बनवला. प्रकृती, मनाची जाग, चालणं-फिरणं, अंगाची हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. २० पैकी १४ किंवा कमी भरले तर जखमेचा धोका. म्हणजे जखम होण्याआधीच ती होणार का, हे कागदावर कळू शकतं! म्हणून वृद्धाश्रमात आईच्या पाठीला खोल जखम दिसली, तर कूस बदलल्याची नोंद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अखेरच्या दिवसांत उत्तम शुश्रूषेतही अशी जखम होऊ शकते, हे खरं. पण तिथेही कूस बदलल्याची वही भरलेली असते.

पुस्तकं सांगतात, लालसर डाग शोधा. सावळ्या कातडीवर तो दिसत नाही. तिथे बोटांनी पाहायचं: टाच, खुबा, माकडहाड इथली जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, गार, टणक किंवा भुसभुशीत लागते का?

काळ्यानिळ्या डागांचीही अशीच गोष्ट आहे. म्हाताऱ्या कातडीवर ते सहज उठतात, हातावर तर नुसत्या धक्क्यानेही. मग मारहाणीचा संशय कधी घ्यायचा? कॅलिफोर्नियात डॉ. लॉरा मोस्केडा यांच्या पथकाने १०१ वृद्धांच्या अंगावर आपसूक उठलेले डाग रोज तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे नव्वद टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, नितंब, तळपाय इथे एकही नव्हता. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा ते कळतं, ही समजूतही मोडली. काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे होते. पुढे मारहाण झालेल्या वृद्धांची पाहणी झाली, तेव्हा डाग मोठे आणि चेहऱ्यावर, पाठीवर जास्त आढळले. मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट पुढची आहे: त्यांतल्या बहुतेकांना डाग कसा पडला ते सांगता आलं, आणि त्यांत स्मृती हरवलेलेही पुष्कळ होते. ‘त्यांना काय आठवतंय’ म्हणून आपण विचारतच नाही.

वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. पेला हाताला लागत नसेल, तर पाण्यावाचून सुकत चाललेले आजोबा पाणी मागणारही नाहीत. झपाट्याने उतरलेलं वजन, मनगटावर बांधल्याचे वळ, भरदुपारी न उतरणारी गुंगी, सांभाळणाऱ्या मावशी खोलीत आल्या की मिटणारं तोंड, ही सगळी हेळसांडीची किंवा गैरवर्तनाची रूपं असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात कधीतरी गैरवर्तन केल्याचं कबूल केलं आहे. रात्रपाळीला एकट्या मावशीवर खाटांची सगळी रांग सोपवली की काय होतं, हे त्यातून दिसतं. दोष तिचा असतोच, पण पाळ्या लावणाऱ्याचा अधिक.

म्हणून भेटायला न सांगता जा, कधी जेवणाच्या वेळी, कधी रात्री. एकांतात विचारा. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासोबत टाचाही दाखवायला सांगा. डाग दिसला तर शेजारी नाणं ठेवून तारखेसह फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. जिवाला धोका वाटला तर थेट ११२. एरवी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरातला निःशुल्क क्रमांक आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.