लिहिणाऱ्याला श्रोता हवा

प्रयोगशाळेत एखादे माप घेतले की ते दुसऱ्याकडून पुन्हा घेण्याची पद्धत आहे. लेखनालाही हीच पद्धत लागू पडते. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ आधीच तयार असतो, त्यामुळे वाक्यात राहिलेली उणीव त्याचे मन आपोआप भरून काढते. वाचणाऱ्याजवळ मात्र फक्त कागद असतो. तेव्हा लिहिलेले समजते की नाही, हे तपासण्याचे खरे साधन म्हणजे दुसरा माणूस.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ग्रंथ समोरच्या श्रोत्यांना उद्देशून आहे. ज्ञानेश्वर त्यांच्याकडे अवधान मागतात आणि विषय लांबला तर त्यांच्याशी बोलून मूळ मुद्द्याकडे वळतात. पुढे नकला होताना पाठभेद शिरले. तेव्हा 1584 मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. लेखनाला श्रोता आणि तपासणारा असे दोघेही लागतात, ते असे.

पण तपासणाऱ्याच्या नजरेवर लेखकाच्या नावाचा परिणाम होतो. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही कथा प्रत्यक्षात जयंत विष्णु नारळीकरांची होती! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकरांनी लिहून दिली होती. परीक्षकांनी कथा वाचली, कीर्ती नव्हे.

अभिप्राय घेणे हे देण्याहून अवघड. 1936 मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा निष्कर्ष काढणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. परीक्षकाने त्यात चूक दाखवली. न विचारता निबंध दुसऱ्याला दाखवला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी तो परत घेतला. पुढे चूक लक्षात आल्यावर मात्र निष्कर्ष बदलून त्यांनी तो 1937 मध्ये दुसरीकडे प्रसिद्ध केला. राग येणे स्वाभाविक आहे. तो ओसरल्यावर कागद पुन्हा हातात घेणे महत्त्वाचे.

हे वर्गात कसे आणता येईल? चार-चार मुलांचे गट करावेत. वहीऐवजी सुटे कागद द्यावेत, त्यांवर नावाऐवजी क्रमांक घालावा आणि गटागटांत कागदांची अदलाबदल करावी. वाचणाऱ्याने तीनच गोष्टी कराव्यात: मला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, जेथे अडखळलो तेथे रेघ मारावी, आणि एक प्रश्न विचारावा. कागद परत मिळाल्यावर लिहिणाऱ्याने तोंडी खुलासा करू नये, तो लेखनात घालावा.

समजा, एकाने लिहिले, "ओले कपडे उन्हात वाळतात, कारण उष्णतेने पाण्याची वाफ होते." वाचणाऱ्याने विचारले, "मग सावलीत कसे वाळतात?" या एका प्रश्नाने लिहिणाऱ्याला कळते की बाष्पीभवनाला उकळण्याइतकी उष्णता लागत नाही, ते कोणत्याही तापमानाला होते, आणि वारा व हवेतील आर्द्रता यांचाही विचार करावा लागतो. वाक्य सुधारता सुधारता विज्ञानाची समजही सुधारली! 'छान' किंवा 'असमाधानकारक' या शेऱ्यातून हे घडले नसते.

शिक्षकांनीही स्वतः लिहिलेला पाठ असाच तपासून घ्यावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेला चार जण भेटतातच. पुढच्या वेळी एक पानभर मजकूर सोबत न्यावा, आणि तो दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगावा. तो जेथे थांबेल, तेथूनच दुरुस्तीला सुरुवात करावी.