तान्ह्याची आकडी आणि तिचे औषध

बाळ झोपेत हसले की सटवाई त्याला हसवते आहे, असे आपल्या वऱ्हाडातल्या आज्या सांगतात. हसू द्यावे, त्यात वावगे काही नाही. पण हात किंवा पाय एका ठेक्यात उडू लागला आणि आपण धरला तरी थांबेना. डोळे एका बाजूस खिळले, श्वास अडून अंग निळे पडू लागले, तर ती आकडी समजावी. मग कांदा हुंगवीत बसू नये. अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे स्त्री रुग्णालय, बाळाला तडक दवाखान्यात न्यावे.

तेथे डॉक्टर आधी रक्तातील साखर पाहतात. साखर उतरल्याने आलेली आकडी साखर दिल्यानेच थांबते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला मात्र औषध लागते, आणि खरी अडचण इथेच आहे.

आजही पहिले औषध म्हणजे फेनोबार्बिटोन. आकडीवर त्याचा उपयोग १९१२ साली कळला. 'गाबा' नावाचे द्रव्य मेंदूतील पेशीचे दार उघडते, क्लोराईड आत शिरते आणि पेशी निवते. फेनोबार्बिटोन या गाबालाच बळ देते. पण तान्ह्याच्या पेशीत क्लोराईड आधीच जास्त असते. वावरात पाणी तुंबले असता धुरा फोडला, तर पाणी आत येईल की बाहेर जाईल? तसेच इथे होते, आणि शांत करणारे द्रव्यच पेशीला डिवचते. म्हणून कित्येक बाळांत हे औषध तोकडे पडते.

मग मोठ्यांचे नवे औषध द्यावे का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लेव्हेटिरासेटॅमने शेकडा २८ बाळांची आकडी चोवीस तास थांबली; जुन्या फेनोबार्बिटोनने ८० जणांची! क्लोराईड भरू न देणारे ब्युमेटानाईडही युरोपात करून पाहिले. पण काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम दिसल्याने ती चाचणी थांबवावी लागली.

जुन्या इंजेक्शनांत टिकाऊपणासाठी घातलेला बेंझिल अल्कोहोल तान्ह्यांना घातक ठरू शकतो. तो वगळून आपल्या मुंबईच्या सन फार्मा समूहाने फेनोबार्बिटोनची भुकटी तयार केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. नवजातांच्या आकडीसाठी तिथे मान्य झालेले हे पहिलेच औषध. द्रव्य मात्र तेच, १९१२ चे! तान्ह्याच्या मेंदूसाठीच घडवलेले नवे द्रव्य अजून शोधायचे आहे.

तोवर एवढे करा. आकडी दिसताच घड्याळ पाहा. किती वेळ चालली, कोणता हात उडाला, हे डॉक्टरांना नीट सांगा. बाळाच्या तोंडात काहीही घालू नका.