दैवी दयेची भक्ती

विसाव्या शतकात कॅथलिक पंथात रुजलेल्या भक्तिप्रकारांत दैवी दयेच्या भक्तीचा प्रसार विशेष वेगाने झाला. तिचा उगम पोलंडमधील सिस्टर फौस्तिना कोवाल्स्का (1905–1938) यांच्या दैनंदिनीत आहे, आणि त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे असून मठात त्यांच्याकडे स्वयंपाकघर, बाग व देवडी यांची कामे असत. 22 फेब्रुवारी 1931 रोजी प्वोत्स्क येथील मठात आपल्याला ख्रिस्ताचे दर्शन झाले व दिसले तसे चित्र काढवून घेण्याची आज्ञा झाली, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मिखाऊ सोपोच्को यांच्या पुढाकाराने विल्निअसमध्ये 1934 साली काझिमिरोव्स्की या चित्रकाराने ते रंगवले. त्यात ख्रिस्ताचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला असून छातीपासून निघणारे तांबडा व फिकट असे दोन झोत क्रुसावर त्याच्या कुशीतून वाहिलेल्या रक्ताचे व पाण्याचे निदर्शक आहेत.

चित्राखाली येशूवरील भरवसा व्यक्त करणारी ओळ असते व तीच या भक्तीचे सार होय. पाप कितीही मोठे असो, देवाची दया त्याहून मोठी आहे, या विश्वासाने पश्चात्तापपूर्वक त्याच्याकडे वळणे आणि ती दया कृतीने, शब्दाने वा प्रार्थनेने इतरांना देणे, अशी तिची दुहेरी मागणी असल्यामुळे नुसती चित्रापुढे मेणबत्ती लावणाऱ्याची भक्ती अपुरीच म्हटली पाहिजे. तिची जपमाळ नेहमीच्या रोझरीच्या मण्यांवरच म्हटली जाते: मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचे शरीर व रक्त पित्याला अर्पण करायचे आणि पुढील दहा लहान मण्यांवर त्याच्या दुःखसहनाची आठवण देत स्वतःसाठी व साऱ्या जगासाठी दया मागायची, असे पाच वेळा. ख्रिस्ताच्या मरणाची वेळ म्हणून दुपारचे तीन या प्रार्थनेसाठी विशेष मानले जातात.

धर्मपीठाने मात्र घाई केली नाही. 1959 साली फौस्तिना यांचे लेखन व त्यांनी सांगितलेल्या स्वरूपातील चित्र यांच्या प्रसारास रोमने मनाई केली (सदोष भाषांतरे हे त्यामागचे एक कारण मानले जाते), आणि ती एप्रिल 1978 मध्ये उठली. त्याच वर्षी पोप झालेले क्राकोचे आर्चबिशप कारोल वोयतिवा, म्हणजे दुसरे जॉन पॉल, यांनी 30 एप्रिल 2000 रोजी फौस्तिना यांना संतपद दिले व ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून जाहीर केला. तरीही असे दृष्टान्त 'खासगी साक्षात्कार' या वर्गातच मोडतात आणि ते मानणे कोणाही कॅथलिकावर बंधनकारक नाही.