सणाची बशी : डेन्मार्कच्या निळ्या प्लेट्स आणि आपल्या घरातला संग्रह



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, साकीनाक्यात बसून डेन्मार्कच्या बश्यांचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं पहिलं उत्तर अगदी हाकेच्या अंतरावर आहे. इथून साकी विहार रोडनं पवईकडे निघालात की लार्सन अँड टुब्रोचं आवार लागतं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची माणसं तिथं नोकरीला असतील. ही दोन्ही आडनावं डॅनिश. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे कोपनहेगनच्या एका सिमेंट-यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर. १९३८ साली त्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. सुरुवातीला ते डेन्मार्कहून येणारी दुग्धव्यवसायाची यंत्रं विकत. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापला, तिकडचा माल यायचा थांबला आणि मग वस्तू इथंच बनवायला लागल्या. तेव्हा डेन्मार्क आपल्याला तितकासा परका नाही.

दुसरं उत्तर मात्र व्याख्यानाच्या शेवटाकडे येईल, कारण ते डेन्मार्कचं नाही, आपल्या कपाटांचं आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. १८९५ साली कोपनहेगनमधल्या 'बिंग अँड ग्रॉन्डाल' या चिनीमातीच्या कारखान्यानं नाताळसाठी एक प्लेट काढली. आकारानं आपले केटरिंगवाले जिला क्वार्टर प्लेट म्हणतात साधारण तेवढी, म्हणजे अठरा सेंटिमीटर. रंग दोनच, निळा आणि पांढरा. चित्र फ्रान्स ऑगस्ट हॅलिन या कलाकाराचं : थंडीनं गोठलेल्या खिडकीच्या काचेतून दिसणारं कोपनहेगन शहर. खाली सणाचं नाव आणि साल. किंमत अर्धा क्रोन. अशा सुमारे ४०० प्लेट्स काढल्या आणि मग साचा मोडून टाकला. पुढच्या वर्षी नवं चित्र, नवा साचा, आणि वर्ष संपलं की तोही मोडायचा. मध्ये दोन महायुद्धं झाली तरी हा क्रम चुकला नाही. १९०८ पासून 'रॉयल कोपनहेगन' या त्याहून जुन्या, १७७५ च्या कारखान्यानंही हीच प्रथा सुरू केली. १९८७ मध्ये हे दोन्ही कारखाने एकत्र आले.

ही कल्पना सुचली कशी? एक गोष्ट सांगतात. श्रीमंत घरातून नोकरमाणसांना नाताळात फळं आणि गोडधोड ताटलीतून देत असत. खाणं संपायचं, ताटली उरायची. ती भिंतीवर लावली जायची आणि पुढच्या वर्षीची तिच्याशेजारी. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यातला मुद्दा खरा आहे. खाऊ सरतो आणि ज्यातून तो दिला ते भांडं राहतं. आपल्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, ते उगाच नाही.

आता ही बनते कशी, ते थोडक्यात. चित्र आधी उठावात कोरतात, म्हणजे झाड, घर, माणसं पृष्ठभागापासून किंचित वर आलेली असतात. त्यावरून प्लास्टरचा साचा. साच्यातून निघालेली प्लेट एकदा भाजतात. मग तिच्यावर कोबाल्टचा निळा रंग फवारतात आणि उंच भागावरचा रंग पुसून घेतात. खोलगट भागात रंग राहतो, तिथं गडद छटा येते. उंचवटा पांढरा राहतो. बर्फ असा तयार होतो, पांढरा रंग लावून नव्हे तर निळा काढून. त्यावर काचेसारखा मुलामा चढवायचा आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजायचं. इतक्या उष्णतेत बहुतेक रंग टिकत नाहीत, कोबाल्ट टिकतो. म्हणून निळा. आणि रंग मुलाम्याच्या खाली असल्यामुळे शंभर वर्षं पुसली तरी प्लेट फिकी पडत नाही.

इथं मला माझ्या जुन्या विषयाकडे वळू द्या. आमच्या नैयायिकांचं आवडतं उदाहरण म्हणजे घट, घडा. समोरचा हा घडा ही व्यक्ती. आणि सगळ्या घड्यांत जे समान आहे ते घटत्व, ती जाती. घडे फुटतात, घटत्व फुटत नाही. जाती नित्य आहे, असं न्यायदर्शन म्हणतं. आता या कारखान्यानं काय केलं बघा. ४०० व्यक्ती जन्माला घातल्या आणि मग हातोडा घेऊन जणू जातीच बंद केली. यापुढे या कुळात जन्म नाही. संग्राहक भुलतो तो या गोष्टीला. त्याला वाटतं, माझ्या हातात जे आहे त्याची संख्या आता फक्त कमीच होणार.

पण नैयायिक इथं आडवा येईल. तो म्हणेल, बाबा, साचा म्हणजे जाती नव्हे. तुम्ही फक्त नव्या व्यक्ती थांबवल्यात. आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं! १९१५ साली त्याच कारखान्यानं मालिकेच्या वाढदिवसानिमित्त ते गोठलेल्या खिडकीचं चित्र वेगळ्या प्लेटवर पुन्हा काढलं. साचा मोडला होता, चित्र मोडलं नव्हतं. तेव्हा दुर्मीळपणा हा वस्तूचा गुण नाही. तो बनवणाऱ्यानं दिलेला शब्द आहे, आणि शब्द जितका पाळला जाईल तितकाच तो टिकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे येऊ. दरवर्षी सणाला एक नवी, सालाचा शिक्का असलेली वस्तू विकत घ्यायची आणि ओळीनं लावून ठेवायची, असं आपल्याकडे काय आहे? दिवाळी अंक! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली, रॉयल कोपनहेगनच्या पहिल्या नाताळ प्लेटनंतर बरोबर एका वर्षानं. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं कारण नाही. पण दोन्हीकडे कारण सारखं दिसतं. कारखान्यात किंवा छापखान्यात एका वेळी पुष्कळ प्रती निघू लागल्या होत्या आणि पगारदार मध्यमवर्गाला सणाला परवडेल अशी शोभेची वस्तू हवी होती. दिवाळी अंकांची वर्षांनुवर्षांची ओळ कपाटात लावणारे लोक आपण पाहिलेले आहेत. मधलं एक साल नसेल तर त्यांना झोप लागत नाही. डॅनिश प्लेट जमवणाऱ्याचंही तसंच. त्याला बशी नको असते, ओळ हवी असते. भिंतीवरची रिकामी जागा त्याला भरलेल्या वीस जागांपेक्षा जास्त दिसते.

गणपतीकडे बघा, तिथं चित्र नेमकं उलटं. पेणच्या कारखान्यात साचा जपून ठेवतात आणि मूर्ती पाण्यात सोडतात. डॅनिश माणूस साचा मोडतो आणि प्लेट भिंतीवर ठेवतो. दोन्हीकडे हेतू एकच, या वर्षीचा सण पुन्हा येणार नाही हे मनावर ठसवणं. आम्ही ते विसर्जनानं करतो, ते जतनानं.

तिसरं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आठवा. टिपक्या-टिपक्यांनी कोरलेलं देणाऱ्याचं नाव आणि तारीख. बारशाची वाटी, मुंजीचा तांब्या, संक्रांतीचं वाण म्हणून लुटलेला डबा. एका घरातली ही भांडी सालवार मांडली तर त्या घराचा इतिहास तयार होतो. फरक इतकाच की डॅनिश प्लेटवर कारखान्याचं साल असतं आणि आपल्या भांड्यावर नात्याचं. बाजारात मात्र आपलं भांडं मोडीच्या वजनानं जातं.

मग डॅनिश प्लेटचं बाजारात काय झालं? दुसऱ्या महायुद्धानंतर या प्लेट्सना अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं. १९६९ साली बिंग अँड ग्रॉन्डालनं मातृदिनाची पहिली प्लेट काढली, कुत्री आणि तिची पिल्लं. १९७३ मध्ये रॉडरिक मॅकआर्थर या गृहस्थांनी अमेरिकेत 'ब्रॅडफर्ड एक्स्चेंज' सुरू केलं. शेअरबाजारासारखे प्लेट्सचे भाव छापून येऊ लागले. इतर अनेक कंपन्या उतरल्या, मर्यादित आवृत्तीच्या नावाखाली ढिगानं माल निघाला. अमुक इतके दिवस भट्टी चालेल तितक्याच प्लेट्स, अशी मर्यादा! पण भट्टीत दिवसाला किती भाजायच्या ते कोण सांगणार? शब्द दिला होता, पण पोकळ. आणि विकत घेणारा प्रत्येकजण ती जपूनच ठेवणार असल्यामुळे फुटणाऱ्याही कमी. पुढे भाव उतरले. आज पहिल्या काही वर्षांच्या आणि युद्धकाळातल्या काही प्लेट्स सोडल्या तर १९६० नंतरच्या बहुतेक प्लेट्स अगदी स्वस्तात मिळतात.

युद्धकाळातल्या एका प्लेटबद्दल सांगतो. रॉयल कोपनहेगनची १९४३ सालची प्लेट. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात. चित्राचा विषय बायबलमधला, बाळ येशूला घेऊन आईवडील इजिप्तला पळून जातात तो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधल्या सात हजारांवर ज्यूंना सामान्य माणसांनी होड्यांत बसवून ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून स्वीडनला पोचवलं. चित्रकाराच्या मनात काय होतं यावर मी तर्क करणार नाही. नाताळची प्लेट आधीच ठरवावी लागते. पण त्या डिसेंबरमध्ये ती भिंतीवर लावणाऱ्याला काय आठवलं असेल, ते सांगायला नको. प्लेटच्या मागे या कारखान्याची खूण असते, तीन लाटा. डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनींच्या, आणि त्यातली एक ओरेसुंड. वस्तूचा अर्थ असा कारखान्याबाहेर, बघणाऱ्याच्या आयुष्यात भरत जातो.

आता ते दुसरं उत्तर. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, वय ऐंशीच्या घरात. यजमान कोकणातले, मालवाहू जहाजावर होते. त्यांनी निरनिराळ्या फेऱ्यांत आणलेल्या अकरा प्लेट्स बाईंकडे आहेत. इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या लहान जागेत जायचं. मुलगा म्हणाला, "आई, ठेवायचं काय आणि काढायचं काय, ते ठरव." एका व्यापाऱ्यानं सगळ्यांचे मिळून जे पैसे सांगितले त्यात महिन्याचा किराणाही आला नसता. बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे मौल्यवान म्हणून पुसत होते. म्हणजे सगळं फुकटच का हो?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांपुढे तो आज ना उद्या येणार आहे. प्लेट नसेल, पितळेची भांडी असतील, दिवाळी अंक असतील.

आपल्या परंपरेनं अपरिग्रह सांगितला. पतंजलींनी तो यमांत घातला, जैनांनी महाव्रतांत. पण संग्रह आणि परिग्रह यांत फरक करायला हवा. परिग्रहात 'हे माझं आहे' एवढंच असतं. संग्रहात 'हे अमुक आहे, तमक्या सालचं आहे, अशा रीतीनं आलं' ही माहिती असते. ती काढून घ्या, संग्रहाची अडगळ होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे अशा घरोघरच्या वस्तू जमवल्या, त्यांची संख्या वीस हजारांवर गेली, आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आहे. जमवणं आणि सोडणं एकाच माणसात असू शकतं.

म्हणून बाईंना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. प्रत्येक प्लेट उलटी करा. तीन लाटा असल्या तर रॉयल कोपनहेगन, तीन बुरूज असले तर बिंग अँड ग्रॉन्डाल. लाटांवर आडवी ओरखड्यासारखी रेघ असेल तर कारखान्यानंच तो दुय्यम माल ठरवला होता. पायाच्या कडेला दोन भोकं असतील, ती तार ओवून टांगण्यासाठी. साल पुढच्या बाजूला असतं. ते वहीत लिहा, आणि त्यापुढे घरात त्या वर्षी काय घडलं तेही लिहा : कोण जन्मलं, कोण बोटीवर होतं, चिठ्ठी कुठून आली. मग घरातल्या प्रत्येकाला एकेक वर्ष निवडू द्या. उरतील त्या खुशाल विका, मिळतील त्या भावानं. बाजारभाव चुकीचा नाही, पण बाजार फक्त कारखान्याचं साल विकत घेतो. वहीतलं साल त्याला विकत घेता येत नाही, म्हणून ते तुम्ही फुकटात गमावू नका.

बाईंनी वही केली. अकरापैकी चार प्लेट्स घरच्यांनी मागून घेतल्या. सातांचं अजून ठरायचं आहे. मुलीच्या जन्मसालची प्लेट मात्र त्यांच्या संचात नाही, आणि ती आता मुलगी स्वतः शोधते आहे.

एवढं बोलून थांबतो. कुणाकडे अशा प्लेट्स किंवा नाव घातलेली जुनी भांडी असतील तर पुढच्या वेळी एखादी घेऊन या, आपण उलटी करून बघू. आता प्रश्न विचारा.