झेरॉक्स नकाशा ते ऑनलाइन परवाना

ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या ट्रेकरकडे टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा कंटूर रेषांचा नकाशा, असायची ती बहुधा झेरॉक्सच. मूळ मिळवणं जिकिरीचं, त्यात किनारपट्टीच्या आणि सरहद्दीच्या शीट्स प्रतिबंधित. झेरॉक्समध्ये निळा ओढा आणि तपकिरी कंटूर, दोन्ही काळेच. कड्यापाशी वीस-वीस मीटरच्या रेषा एकमेकींवर चढून नुसता शाईचा पट्टा उरायचा. त्यातून घाटवाट शोधण्यापेक्षा पायथ्याच्या वाडीत विचारलेलं बरं. म्हणून बेताची सुरुवात मुक्कामी एसटीपासून व्हायची.

हिमालयात हे गणित चालत नसे. तिथे अनेकांचं पहिलं पाऊल यूथ हॉस्टेलच्या राष्ट्रीय ट्रेकमुळे पडलं. मे महिन्यात कसोलहून सरपासला रोज एक तुकडी निघायची. आपण फक्त सॅक उचलायची. स्वतः आखायला लागल्यावर मात्र ऋतूंनी भंडावलं. पावसाळ्यात गढवालात दरडी कोसळतात, तर पर्जन्यछायेतल्या लडाखचा हंगाम नेमका तेव्हाच. सांदकफूच्या वाटेवरचं सिंगालिला उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर बंद. दक्षिणेत अगस्त्यकूडमला जायचं तर जानेवारी ते मार्च.

२०१७मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे संकेतस्थळावर फुकट मिळू लागले. मोबाइलवर जीपीएस होतंच. वाट हरवण्याची भीती बरीचशी सरली आणि गर्दी वाढली.

मग आलं २०१८. मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक ट्रेकरचे बळी गेले आणि तिथल्या जंगलवाटांवर बंदी आली. ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि रूपकुंडचे ट्रेक थांबले. यावर ट्रेकर मंडळी अजून चरफडतात. मला तो निर्णय पटतो. उंचावरचं गवत वर्षातले जेमतेम काही महिने वाढतं, तंबूंच्या रांगांखाली ते उठायचं कधी? (आपल्या किल्ल्यांवरच्या शनिवार-रविवारच्या जत्रेबद्दल न बोललेलंच बरं.) तमिळनाडूने मात्र नुसती बंदी न ठेवता २०२४मध्ये ४० वाटा ऑनलाइन नोंदणीसह खुल्या केल्या.

परिणाम असा, की आता आधी परवाना, मग रजा, मग गाडी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून १२०ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. परवान्याची तारीख त्याच्याशी जुळेलच असं नाही. तिकीट आधी काढून ठेवायचं की परवान्याची वाट पाहायची, यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी खडाजंगी होते, आणि अजून तरी तिकीटवालेच जिंकतात.